बर्फ कुठे होऊ द्यायचा

शेजारच्या आजोबांनी कोटाच्या आतल्या खिशातून मोठ्या सुपारीएवढी एक वाळकी गाठ काढली, चाकूचं टोक तिच्यात रुतवून जरा पिरगाळलं आणि गाठ कडकन दुभंगली. मला एकदम आजीचा अडकित्ता आठवला. आत पांढुरका, थर्माकोलसारखा गाभा आणि त्याच्या मधोमध एका छोट्या कोनाड्यात तांदळाच्या दाण्याहून जाड, दुधट रंगाची अळी. आजोबांनी ती अलगद उचलली, गळाला लावली आणि बर्फात पाडलेल्या भोकातून खाली सोडली.

जानेवारीतली सकाळ होती. कॅनडातल्या ओटावा नदीवर पेट्री आयलंडजवळ आम्ही उभे होतो. पारा उणे १९. पायाखाली दीड-दोन वीत जाडीचा बर्फ आणि त्याच्याखाली वाहती नदी. मासेमारीत मला काडीचा रस नाही. आजोबांचं वय झालंय, एकटं सोडवत नाही म्हणून आजींनी मला सोबत धाडलं होतं. दोन स्वेटर, त्यावर कोट, त्यावर मफलर, तरी मी कुडकुडत होते.

"या गाठी खिशात कशाला ठेवता?"

"उबेला. बाहेर ठेवल्या तर अळी दगडासारखी होते. गळ आत शिरत नाही."

"म्हणजे मरते?"

"छे, मरतेय कसली. गोठते."

आपण 'तूप थिजलंय' म्हणतो ना, तितक्या सहज बोलले ते. मी मात्र दिवसभर त्या एका शब्दाभोवती घुटमळत राहिले. या देशात येऊन मला चौदा वर्षं झाली. थंडीपासून वाचायचे सगळे उपाय मला पाठ आहेत, पण गोठणं हाही एक उपाय असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी घरामागच्या ग्रीनबेल्टच्या पायवाटेवर गेले. तिथे गोल्डनरॉडची वाळलेली खोडं बर्फातून वर आलेली असतात. आपल्याकडे फुलवाले बुके भरायला पिवळ्या बारीक तुऱ्यांची जी 'गोल्डन रॉड' वापरतात, तिचीच ही रानटी भावंडं. इथे छातीएवढी वाढतात. इतकी वर्षं मी त्या वाटेने चालतेय, पण त्या खोडांवरच्या गाठी मला कधी दिसल्या नव्हत्या. आता दिसायला लागल्या तर जिकडेतिकडे त्याच. काठीत मणी ओवावा तशी एकेक गरगरीत गाठ.

या गाठी एका माशीच्या. शास्त्रीय नाव युरोस्टा सॉलिडॅजिनिस. मादी वसंतात गोल्डनरॉडच्या कोवळ्या शेंड्यात अंडं घालते, त्यातून निघालेली अळी खोडात शिरते आणि तिच्या तिथे असण्याने झाडाची ऊती फुगत जाते. झाड स्वतःच तिच्याभोवती घर बांधून देतं, वर जेवणही पुरवतं. अळी उन्हाळाभर आतून खाते, वाढते आणि शरदात, थंडी पडण्याच्या आधी, एक काम करून ठेवते ते मला फार आवडलं. ती आतून बाहेरच्या दिशेने एक बोगदा कोरत नेते आणि अगदी शेवटी, गाठीची पातळ साल तेवढी राखून थांबते. कारण वसंतात तिची जी माशी होणार, तिला चावायला तोंडच नसतं. म्हणून ज्याच्याकडे दात आहेत त्याने दात असेपर्यंत वाट करून ठेवायची. मग अळी मागे सरकून मधल्या कोनाड्यात येते आणि हिवाळ्याची वाट बघत बसते.

काही गाठींना आधीच भोकं होती. सुबक, गोल भोक म्हणजे सुतारपक्षी. कडा कुरतडून वेडंवाकडं केलेलं म्हणजे चिकडी नावाचा चिमुकला पक्षी. पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठातले वॉरन अब्राहमसन आणि त्यांचे सहकारी आर्थर वाइस यांनी वर्षानुवर्षं या गाठी मोजल्या. मोठी गाठ पक्ष्यांच्या डोळ्यांत भरते. लहान गाठीची भिंत पातळ, म्हणून गांधीलमाशीच्या जातीतली एक परोपजीवी माशी आपली सुई आत पोचवून अळीच्या शेजारी अंडं घालते. त्यामुळे मधल्या आकाराच्या गाठींना बरे दिवस. पण तो विषय वेगळा, त्यात शिरले तर हा लेख संपायचा नाही.

मी दहाबारा गाठी तोडून आणल्या. चार मागच्या अंगणात खांबाला बांधल्या, बाकीच्या स्वयंपाकघरात फळांच्या टोपलीत ठेवल्या. दिसायला छान दिसत होत्या. त्या टोपलीकडे नंतर येते.

दोन रात्री उणे २४ च्या गेल्या. तिसऱ्या सकाळी अंगणातली एक गाठ फोडली आणि अळी चिमट्याने उचलून स्टीलच्या ताटलीत टाकली. टण! खडीसाखरेचा खडा पडावा तसा आवाज आला. टाचणीने दाबली तर टाचणी घसरली. भिंगातून पाहिलं: एका टोकाला तोंडाचे दोन काळे आकडे, अंगावर वळ्या, आणि सगळं काचेसारखं कडक. चहा होईपर्यंत ती मऊ पडली, रंग किंचित पारदर्शक झाला. मेल्यासारखीच निश्चल. मी जेवणाच्या तयारीला लागले. भाकऱ्या आटोपून ताटलीकडे पाहिलं, तर ते दोन काळे आकडे आत-बाहेर होत होते.

मी चक्क "अगं बाई!" म्हणाले. स्वयंपाकघरात कुणीही नसताना.

मग वाचायला बसले. पहिल्याच पानावर जो शब्द भेटला तो माझ्या घरातलाच निघाला: ग्लिसरॉल. म्हणजे आपलं ग्लिसरीन. आमच्याकडे दिवाळीनंतर आई ग्लिसरीनची छोटी बाटली आणायची, त्यात गुलाबपाणी मिसळायची आणि रात्री झोपताना आम्हा भावंडांच्या गालांना, ओठांना, फुटलेल्या टाचांना लावायची. चिकट, गोडसर. ओठांवरचं मी चाटून टाकायचे आणि धपाटा खायचे. तेच द्रव्य या अळीच्या अंगात. १९५७ साली कॅनडातल्या लेथब्रिजच्या आर. डब्ल्यू. सॉल्ट यांनी कीटकांच्या शरीरात नैसर्गिकरीत्या असलेल्या ग्लिसरॉलचा आणि त्यांच्या गोठण सोसण्याचा संबंध मांडला, तेव्हापासून हे संशोधन खऱ्या अर्थाने सुरू झालं. (थंडीवर संशोधन करणाऱ्या माणसाचं आडनाव मीठ! रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला टनावारी मीठ ओतणाऱ्या या देशात.)

मला वाटलं, कळलं सगळं. गाडीच्या रेडिएटरमध्ये आपण कूलंट घालतो तसं अळी अंगात ग्लिसरीन घालते, म्हणून गोठत नाही. पण ही तर गोठली होती. टण वाजली होती. आणि हिशोबही जुळत नव्हता. एक किलो पाण्यात एक मोल, म्हणजे ९२ ग्रॅम ग्लिसरॉल घातलं, तरी गोठणबिंदू उतरतो जेमतेम १.८६ अंशांनी. या अळीच्या अंगात त्याहून कमीच ग्लिसरॉल असतं, त्याच्या जोडीला थोडं सॉर्बिटॉल, तसलंच एक गोडसर द्रव्य. दोन्ही मिळून दोन अंशांची सूट मिळायची मारामार. उणे २४ पुढे दोन अंश म्हणजे दर्यामें खसखस.

मग ते आहे कशासाठी?

हे समजायला मला माझ्याच गावी जावं लागलं. मनातल्या मनात.

मी निफाड तालुक्यातली. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की आमच्या निफाडचं नाव पहिलं. घरची द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाचवर आला की अप्पा रात्री झोपायचे नाहीत. बागेत ओळीओळींच्या मधे पालापाचोळा, वाळल्या काड्या यांचे ढीग रचून ठेवलेले असायचे. पहाटे तीन-साडेतीनला त्या शेकोट्या पेटायच्या. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून पहाटेच मोटर चालू करून बागेला पाणी सोडायचे. वीज असली तर. आम्ही पोरं गोधडीतून बाहेर डोकं काढून पाहायचो: धुरात उभे अप्पा, कानाला मफलर, हातात काठी, आग सारखी करत फिरताहेत. एका वर्षी एवढं करूनही बागेच्या खोलगट कडेला दव गोठलं. सकाळी पानांवर मीठ भुरभुरल्यासारखं पांढरं होतं. ऊन आलं, पांढरं गेलं आणि दुपारपर्यंत पानं उकडल्यासारखी लुळी पडून काळवंडली. अप्पा म्हणाले, "हिवानं भाजली." थंडीने भाजलं, हा शब्दप्रयोग तेव्हा मला चुकीचा वाटला होता. आता कळतंय की त्यात चूक काहीच नव्हतं.

पानाचं काय होतं? पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. पिशवीच्या आतच बर्फाच्या सुया झाल्या तर पिशवी फाटते. बाहेर बर्फ झाला तरी सुटका नाही. बर्फ होताना फक्त शुद्ध पाणी गोठतं, विरघळलेले क्षार मागे उरतात. त्यामुळे पेशीबाहेरचं उरलेलं पाणी अधिकाधिक खारट होत जातं आणि ते आतलं पाणी ओढून घेतं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी त्या सुरकुतलेल्या आणि पातेल्यात पाणी, अगदी तसं. पेशी आक्रसत जाते, एका मर्यादेपलीकडे तिचं आवरण आपल्यावरच कोसळतं. ऊन आल्यावर बर्फ वितळतो, पण पाणी धरून ठेवायला पिशवीच उरलेली नसते.

अळीपुढेही संकट हेच. फरक असा की द्राक्षाचं पान गाफील असतं आणि अळीची तयारी दोन महिने आधीपासून चाललेली असते. ती बर्फाला येऊ नको म्हणत नाही. ती त्याला बसायची जागा दाखवते.

कीटकांच्या रक्ताला आपल्यासारख्या नळ्या नसतात. ते शरीराच्या पोकळीत मोकळं भरलेलं असतं आणि सगळे अवयव त्यात बुडालेले. बर्फ व्हायचा तो इथे, पेशींच्या बाहेर. आणि लवकर व्हायचा. हे 'लवकर' फार महत्त्वाचं. पाणी शून्य अंशाला गोठतं हे शाळेत शिकलेलं अर्धंच खरं आहे. बर्फाला सुरुवात करायला एखादा कण, खडबडीत जागा, काहीतरी निमित्त लागतं. अतिशय स्वच्छ पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ च्या आसपासपर्यंत पातळ राहू शकतात. पण असं खोलवर थंड झालेलं पाणी गोठायला लागलं की क्षणात सगळीकडे गोठतं. कुणाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून या अळीने निमित्त घरातच बाळगलेलं असतं. कीटकांची मूत्रपिंडं म्हणाव्यात अशा नळ्यांमध्ये तिच्याकडे कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म गोल खडे असतात. १९९६ साली ओहायोतल्या मायामी विद्यापीठाच्या रिचर्ड ली यांच्या गटाने दाखवलं की हे खडे बर्फाला बीज पुरवतात. मूतखडाच म्हणा ना! आपल्याला लोळवणारी वस्तू तिला तारते. उणे आठ ते दहाच्या दरम्यान अळी गोठायला लागते, अगदी संथपणे, बाहेरून. पेशींना आपलं पाणी हळूहळू सोडायला सवड मिळते. त्यासाठी पेशींच्या आवरणात पाण्यापुरती खास दारं असतात, ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांची.

आणि इथे ग्लिसरीनचं काम सुरू होतं. बाहेरचा बर्फ पाणी ओढत असताना पेशीच्या आत बसून ते उरलेलं पाणी धरून ठेवतं. शरीरातलं अर्ध्याहून जास्त पाणी बर्फ झालं तरी पेशी त्या धोक्याच्या मर्यादेपलीकडे आक्रसत नाही. आई आमच्या गालांना लावायची ते तरी कशासाठी? कातडीतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. काम तेच! मी उगाच रेडिएटरपर्यंत गेले होते, उत्तर आईच्या फडताळात होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. 'बर्फ पेशीबाहेर झाला तर जगाल, आत झाला तर मराल' हा नियम मला इतका पटला होता की माझा तो दोन-तीन जणांना ऐकवूनही झाला. मग कळलं की १९५९ साली याच सॉल्टसाहेबांनी याच अळीच्या चरबीच्या पेशी आतून गोठूनही जिवंत राहतात हे दाखवलं होतं. म्हणजे ज्या किड्यावरून नियम शिकले त्यानेच तो मोडलेला. बरं वाटलं खरं तर. फार गुळगुळीत नियमांचा मला संशयच येतो.

तयारी कशी होते, ते याहून सुरस आहे. उन्हाळाभर खाल्लेलं अळी ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, रूपात चरबीच्या अवयवात साठवते. ही तिची एफडी. थंडी आली की ती मोडायची आणि ग्लिसरॉल, सॉर्बिटॉलच्या रूपाने रोकड हातात घ्यायची. ग्लिसरॉल शरदात लवकर साठायला लागतं. सॉर्बिटॉल मात्र पारा पाचाच्या आसपास उतरेपर्यंत थांबतं आणि मग भराभर बनतं. हे सगळं ज्यांनी वर्षानुवर्षं उलगडलं ते केन आणि जॅनेट स्टोरी हे दांपत्य इथल्याच कार्लटन विद्यापीठातलं. माझी रोजची बस त्या विद्यापीठावरून जाते.

पण थंडी पडली हे अळीला सांगतं कोण? मेंदू? दिवसाची लांबी? मला सापडलेलं उत्तर इतकं साधं आहे की मी ते तीनदा वाचलं. एफडी मोडणारं एक एन्झाइम आहे, फॉस्फोरिलेज. त्याला चालू करणारं एक एन्झाइम आणि बंद करणारं दुसरं. थंडीत सगळीच एन्झाइमं मंदावतात, पण सारखी नाही. बंद करणारं फार जास्त मंदावतं. समजा दोन वॉचमन आहेत, एकाचं काम कुलूप उघडणं, दुसऱ्याचं लावणं. गारठ्यात दोघेही पेंगतात, पण लावणारा आधी घोरायला लागतो. मग दार आपोआप उघडंच राहतं. वेगळा निरोप पाठवावाच लागत नाही. ज्या गारठ्यामुळे आपलं सगळं ठप्प होतं, त्याच गारठ्याने तिची कळ दाबली जाते.

आणि वसंतात सॉर्बिटॉल पुन्हा ग्लायकोजेनमध्ये जमा होतं. उरलेली रोकड परत एफडीत. आमच्या अप्पांना हा व्यवहार आवडेल.

चरबीचं म्हणाल, तर तो धडा निफाडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि अंघोळीआधी उन्हात किंवा चुलीपाशी ठेवावी लागते. शेजारीच शेंगदाण्याचं तेल मजेत वाहत असतं. खोबरेलातल्या चरबीच्या साखळ्या सरळ, म्हणून एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. शेंगदाण्याच्या तेलातल्या बऱ्याच साखळ्या मध्येच वाकलेल्या, त्यामुळे त्यांची मांडणी सैल. पेशीचं आवरण चरबीचंच असतं. ते थिजलं तर त्यातली दारं-खिडक्या बंद पडतात. हिवाळा जवळ आला की अळी आपल्या आवरणातल्या वाकड्या साखळ्यांचं, मुख्यतः ओलिइक आम्लाचं, प्रमाण वाढवते. साठवणीच्या चरबीतही तिने एक वेगळाच प्रकार बाळगलाय, अ‍ॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक तुकडा लागलेला, जो थंडीतही पातळ राहतो. प्राण्यांच्या शरीरात असं काही सहसा सापडत नाही. काही वनस्पतींच्या बियांत तो ठाऊक होता. २०१४ साली ब्रेंट सिंक्लेअर यांच्या वेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने तो या अळीत नोंदवला.

एवढं वाचून मी युरोस्टाची भक्त झाले होते. आणि मग त्याच पायवाटेवर, त्याच गोल्डनरॉडवर, दुसऱ्या तऱ्हेची गाठ दिसली. गोल नव्हे, दोन्ही टोकांना निमुळती, सूत कातायच्या चातीवर सूत भरल्यासारखी. ही एका पतंगाची, एपिब्लेमाची. त्याच खोडावर, त्याच वाऱ्यात, हातभर अंतरावर राहणारा शेजारी, आणि त्याचा पंथ अगदी उलटा: बर्फ होऊच द्यायचा नाही. ही अळी गोठली की मेली. म्हणून ती ग्लिसरॉल इतकं साठवते की ते अंगाच्या वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाला पोचतं. इथे खरोखर रेडिएटरच. शिवाय बर्फाला बीज मिळेल असं काही अंगात ठेवायचं नाही. उणे ३८ पर्यंत ती पातळच्या पातळ राहते. जी वस्तू एकीने मुद्दाम बाळगली, ती दुसरीने वेचून बाहेर काढली. दोघीही हजारो पिढ्या जगल्यात, तेव्हा कुणाचं बरोबर हे ठरवायला आपण कोण?

या दुसऱ्या पंथातले काही आणखी पुढे गेले. ओटावापासून दोनेक तासांच्या अंतरावर किंग्स्टनला क्वीन्स विद्यापीठ आहे. तिथल्या पीटर डेव्हिस यांच्या गटाने २००० साली स्प्रूस बडवर्म या अळीच्या एका प्रथिनाची रचना मांडली. हे प्रथिन मळसूत्रासारखं गुंडाळलेलं असतं आणि त्याच्या एका सपाट बाजूवर थ्रिओनिन नावाच्या अमिनो आम्लांच्या दोन रांगा येतात. त्या रांगांतलं अंतर बर्फाच्या स्फटिकातल्या कणांच्या अंतराशी जुळतं. त्यामुळे बर्फाचा एखादा बारीक कण तयार झालाच, तर हे प्रथिन त्याला जाऊन चिकटतं आणि त्याची वाढ रोखतं. भरलेल्या एसटीच्या दारात दोन दणकट माणसं उभी राहिली की पुढचा चढू शकत नाही, तसं.

उन्हाळ्यात वाड्यात लाकडी पॉटचं आइस्क्रीम व्हायचं ते आठवतं. बर्फ आणि खडेमीठ भरायचं आणि हँडल फिरवायला आम्हा पोरांची रांग. "थांबू नका रे, थांबलात की करकरीत होतं," असं काका ओरडायचे. थांबलं की छोटे स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि जिभेला वाळूसारखे लागतात. जिभेचं जाऊ द्या, पण गोठलेल्या किड्याच्या अंगात असे स्फटिक वाढले तर तो आतून चिरला जाईल. तिथे हँडल फिरवायला कुणी नाही. ते काम अशी प्रथिनं करतात. अलास्कातला एक काळा भुंगेरा, युपिस, तर याच कामासाठी प्रथिन नव्हे, साखरेच्या साखळीचा रेणू वापरतो. तो रेणू २००९ साली सापडला. तो भुंगेरा गोठून उणे ६० सोसतो. उणे साठ! इथे उणे तीसला शाळा बंद ठेवाव्यात का, यावर पालकांचे वाद चालतात.

आता ती फळांची टोपली.

गाठी टोपलीत ठेवल्या आणि विसरून गेले. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी नवरा म्हणाला, "अगं, घरात माश्या झाल्यात. केळी टाक ती." केळी ताजी होती. मी खिडकीपाशी गेले. काचेवर पाच माश्या. तांबूस तपकिरी, पंखांवर जाळीदार नक्षी. उडत नव्हत्या फारशा. पंख किंचित उघडत-मिटत काचेवर चालत होत्या, थांबत होत्या, पुन्हा चालत होत्या. टोपलीतल्या पाच गाठींना बारीक, स्वच्छ गोल दारं. शरदात कोरून ठेवलेल्या त्या बोगद्याच्या टोकाशी येऊन माशी कपाळावरची एक पिशवी फुग्यासारखी फुगवते आणि सालीचा पापुद्रा ढकलून बाहेर पडते. मी ते वाचलं होतं. माझ्याच घरात, केळ्यांशेजारी ते घडून गेलं होतं.

बाहेर उणे १५. गोल्डनरॉडचा कोंब यायला अजून दोन महिने. या माश्या काही खात नाहीत, त्यांचं आयुष्य दोनेक आठवड्यांचं. बाहेर सोडल्या तरी मरणार, आत ठेवल्या तरी मरणार. माशी झाल्यावर गोठून जगायची विद्या उरत नाही. मी त्यांना काचेवरच राहू दिलं. एक मादी जरबेराच्या कुंडीवर बराच वेळ शेंडा चाचपत होती. भांडी घासताना माझी पाठ तिकडे येईल अशी मी उभी राहिले.

थंडीत उणे २४ ला अंगणातल्या अळीचं काही बिघडलं नव्हतं. माझ्या २१ अंशांच्या उबदार घराने टोपलीतल्यांना संपवलं. आणि हे माझ्या घरापुरतं नाही. २००० साली जेसन आयर्विन आणि वर उल्लेख केलेले रिचर्ड ली यांनी या अळ्यांच्या काही गटांना हिवाळाभर शून्य अंशात आणि काहींना १२ अंशांत ठेवून पाहिलं. उबेतल्या अळ्या कितीतरी जास्त मेल्या, आणि ज्या मादी माश्या झाल्या त्यांच्या पोटात अंडी कमी होती. कारण सरळ आहे. गारठलेल्या अळीचा खर्च अगदी थोडा. उबेतल्या अळीची चूल मात्र पेटलेलीच असते आणि बाहेरून काही येत नाही, बोगदा कोरून झाल्यावर तिचं खाणं संपलेलं असतं. मऊ हिवाळा तिची साठवण जाळतो.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात इथला रिडो कालवा स्केटिंगसाठी उघडलाच नाही. जवळपास आठ किलोमीटरची ती बर्फाची वाट १९७०-७१ पासून दर हिवाळ्यात सुरू व्हायची. एकही दिवस न उघडण्याची ती पहिली वेळ. तेव्हा ऑफिसात सगळे हळहळत होते आणि मी मनातून खूश होते, की चला, यंदा थंडी कमी. कालव्याच्या काठानेही गोल्डनरॉड असतो. तेव्हा मी त्याच्याकडे पाहत नव्हते.

अप्पांचा फोन माझ्या संध्याकाळी साडेसहाला येतो. त्यांची पहाटेची पाच. हिवाळ्यात आमचं बोलणं पाऱ्यापासून सुरू होतं. त्यांना किड्याची गोष्ट सांगितली तेव्हा ते आधी काही बोलले नाहीत. मागे मोटरचा आवाज येत होता. मग म्हणाले, "आपल्या बागेतल्या किड्यांना नको शिकवू हे." आणि स्वतःच हसले. पण पुढच्या फोनला त्यांनीच विचारलं, खांबाला बांधलेल्या त्या तीन गाठी अजून आहेत का म्हणून. आता रोज विचारतात.

काल म्हणाले, "इकडं सहा. शेकोट्या पेटवल्यात. तुझ्याकडं?"

"उणे २२."

"आणि तो किडा?"

"गोठलाय, अप्पा."

"मग बरंय," ते म्हणाले, आणि काठीने आग सारखी करायला गेले.